काडापासून इथेनॉल: पायलट प्लांटचे आकडे मोठ्या कारखान्यात का टिकत नाहीत?

प्रक्रियामित्र:

गव्हाचं काड आणि मक्याची धाटं यांपासून इथेनॉल बनवणाऱ्या एका प्रकल्पाची तांत्रिक-आर्थिक तपासणी चालू आहे. पायलट प्लांट (छोटा प्रायोगिक कारखाना) दिवसाला १ टन कोरडं काड घेतो. प्रक्रिया अशी: १ टक्का सल्फ्युरिक आम्ल आणि १८० अंश सेल्सिअसची वाफ, ८ मिनिटं (ही प्रीट्रीटमेंट, म्हणजे काड मोकळं करणं). मग ५० अंशांना, पीएच ५ वर ७२ तास एन्झाइम (काडाचे तंतू, म्हणजे सेल्युलोज, तोडून ग्लुकोज करणारी प्रथिनं). घन पदार्थ २० टक्के, डोस दर ग्रॅम सेल्युलोजमागे २० मिलिग्रॅम प्रथिन. शेवटी झायलोजही (काडातल्या हेमिसेल्युलोज या दुसऱ्या घटकातून सुटणारी साखर) खाणारं जनुकबदल केलेलं यीस्ट, ३२ अंशांना ४८ तास. सेल्युलोजचं रूपांतर ८४ टक्के, आणि एक टन कोरड्या काडामागे ३०० लिटर इथेनॉल.

प्रस्तावित कारखाना दिवसाला १ लाख लिटरचा आहे. आर्थिक आराखड्यात तेच ३०० लिटर धरलेत, आणि दुसऱ्या वर्षापासून ९० टक्के चालू तास, म्हणजे वर्षातला ९० टक्के वेळ कारखाना चालू. रसायनशास्त्र तपासलं, ताळा बसतो. तरीही याच वाटेने गेलेले मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले, हेही समोर दिसतंय. मग बिनसतं कुठे? पैसे सोडण्याआधी कोणती चाचणी मागावी? "स्केल-अप अवघड असतं" असं मोघम उत्तर नको. यंत्र आणि आकडे यांच्या पातळीवर कुणी सांगेल का?


गासडी:

रसायनाकडे जायच्या आधी फाटकाशी थांबा. १ लाख लिटरला दिवसाला ३३३ टन कोरडं काड लागतं. १५ टक्के ओलावा धरला तर तेच ३९० टन. मोठी चौकोनी गासडी सव्वाचारशे-साडेचारशे किलोची, म्हणजे दिवसाला ९०० गासड्या. रात्रंदिवस दर दीड मिनिटाला एक गासडी उचलायची, दोरी कापून काढायची, फोडायची, दगड-लोखंड वेगळं करायचं, तुकडे करायचे आणि पुढे ढकलायची. पायलट प्लांटमध्ये हे सगळं काम दिवसाला तीन गासड्यांचं असतं आणि बहुधा हाताने होतं. म्हणून ते कुठल्याच अहवालात दिसत नाही.

आता साठवण. काड हातात येतं ते कापणीनंतरच्या सहा-आठ आठवड्यांत. कारखाना चालतो वर्षभर. दहा महिन्यांचा साठा म्हणजे सव्वा लाख टनांच्या आसपास. गासड्यांची घनता घनमीटरला १५० किलो आणि गंजीची उंची ५ मीटर धरली, तर नुसत्या गंज्यांनाच १५ हेक्टरहून जास्त जागा लागते. आगीसाठी मधलं अंतर आणि गाड्यांचे रस्ते धरले की दुप्पट. गासडी २० टक्क्यांहून ओली बांधली तर आतून तापते, बुरशी धरते, आणि पहिल्यांदा संपते ती हेमिसेल्युलोज. म्हणजे साखरच. मालमोटारीतही वजनाआधी आकारमान भरतं. शेतातून हेक्टरी अडीच टन उचललं (बाकीचं जमिनीला राहिलंच पाहिजे, यात तडजोड नको), आसपासच्या ३० टक्के जमिनीवर ते पीक असलं आणि निम्म्या शेतकऱ्यांनी काड दिलं, तर वर्षाच्या १.१ लाख टनांसाठी ३० किलोमीटर त्रिज्येचा परिसर पिंजावा लागतो. रस्त्याने ते अंतर आणखी वाढतं.

पण सगळ्यात महाग पडते ती माती. स्वच्छ काडात राख ५ टक्क्यांच्या आसपास असते. दाताळ्याने ओढून रांगेत लावलेल्या काडात ती सहज १२ टक्क्यांवर जाते, आणि ही जास्तीची राख म्हणजे सरळ शेतातली माती. ३३३ टनांवर ७ टक्के म्हणजे रोज २३ टन माती तुमच्या यंत्रांतून जाणार. तिचे तीन परिणाम. एक, तेवढ्याच टनाला सेल्युलोज कमी, म्हणजे उतारा आपोआप ७ टक्क्यांनी खाली. दोन, मातीतला चुना आणि काडातलंच पोटॅशियम आम्ल खातात. तुम्ही मोजून १ टक्का आम्ल घालता, पण रिअॅक्टरमध्ये पीएच वरच राहतो आणि प्रीट्रीटमेंट कच्ची निघते. ऑपरेटर आम्ल वाढवतो, दुसऱ्या दिवशी स्वच्छ लॉट येतो आणि साखर जळून फुरफुराल हे यीस्टला त्रास देणारं रसायन होतं. तीन, झीज.

झिजेवर थोडं थांबतो, कारण बहुतेक वेळा गाडं इथेच अडतं. १८० अंशांची वाफ म्हणजे साधारण १० बार दाब. या दाबात काड सतत आत सोडायला प्लग स्क्रू फीडर लागतो. निमुळत्या नळीत स्क्रू काड इतकं दाबतो की त्याचाच घट्ट बोळा तयार होतो, आणि तो बोळाच आतल्या वाफेचं बूच. काड फार कोरडं असलं तर बोळा दगडासारखा होतो, मोटरचा करंट चढतो आणि ट्रिप. फार ओलं असलं तर पाणी पिळून मागे येतं, बोळा घसरतो, वाफ उलटी फुटते. वाळूमुळे पात्यांच्या कडा झिजल्या की नळी आणि पातं यांच्यातली फट वाढते, दाब कमी पडतो आणि तेच होतं. प्रत्येक थांब्यानंतर रिअॅक्टर पुन्हा तापवायचा, मधला अर्धवट शिजलेला माल टाकून द्यायचा. अर्ध्या तासाचा थांबा उत्पादनात तीन-चार तास खातो.

९० टक्क्यांचं म्हणाल तर साखळी गुणून पाहा. गासडी लाइन ९५ टक्के, फीडर ९२, रिअॅक्टर ९५, एन्झाइम टाक्या ९८, किण्वन ९७, डिस्टिलेशन ९८, बॉयलर ९४. एकेक आकडा चांगला वाटतो. गुणाकार येतो ७३. प्रीट्रीटमेंटनंतर टाक्यांचा साठा असल्याने मागचे थोडे थांबे पुढे जाणवत नाहीत, पण त्याआधी साठा करायला जागाच नसते: फोडलेलं काड सायलोत ठेवलं की कमान धरून बसतं, खाली उतरत नाही.


किण्वन:

गासडी यांनी ७३ टक्के सांगितले. आता ३०० लिटरचं काय होतं ते पाहू.

३०० चा ताळा असा असावा: टनात ३८० किलो सेल्युलोज, ८४ टक्के रूपांतर, म्हणजे ३५५ किलो ग्लुकोज, त्याचं १६६ किलो इथेनॉल. २०० किलो झायलान (हेमिसेल्युलोजचा मुख्य भाग), त्यातून मिळणारं झायलोज १७० किलो. त्याचं ७० किलोच्या वर. एकूण २३८ किलो, म्हणजे ३०० लिटर. यातले ९० लिटर एकट्या झायलोजचे आहेत, आणि साध्या यीस्टला झायलोज पचत नाही. म्हणजे तुमच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका नाजूक जिवाच्या भरवशावर आहे. तो ग्लुकोज आधी संपवतो, झायलोजला हात लावेपर्यंत भोवती अल्कोहोल, अ‍ॅसेटिक आम्ल आणि फुरफुराल साचलेलं असतं, आणि तिथे तो मंदावतो. पायलटचा आकडा ताज्या पाण्यावरचा आहे की परत वापरलेल्या पाण्यावरचा, हा पहिला प्रश्न विचारा.

कारण मोठ्या कारखान्यात पाणी फेकून देता येत नाही. डिस्टिलेशनच्या तळाचं पाणी प्रक्रियेत परत येतं, आणि त्यात जे उडत नाही ते सगळं साचत जातं: पोटॅशियम, सल्फेट, लॅक्टिक आम्ल, न खाल्लेल्या साखरा. अ‍ॅसेटिकचाही मोठा भाग तळाशीच राहतो. हिशेब सोपा आहे. ५० टक्के पाणी परत वापरलं तर अशा घटकांची पातळी दुप्पट होते, ६० टक्क्यांना अडीच पट, ७० टक्क्यांना सव्वातीन पट.

अ‍ॅसेटिक काडातच असतं, हेमिसेल्युलोजला चिकटलेलं. २० टक्के घन पदार्थ घेतले की ५-६ ग्रॅम प्रतिलिटर कुठेच जात नाही. यीस्टला त्रास देतो तो त्याचा आयन न झालेला भाग. पीएच ५ ला तो ३६ टक्के असतो, ५.५ ला १५. म्हणून किण्वन ५.५ वर चालवायचा मोह होतो, पण लॅक्टिक जिवाणूंनाही तेच मानवतं. ७२ आणि ४८ तासांचा मुक्काम, हजार घनमीटरच्या टाक्या, घट्ट लगदा, मधल्या पाइपांचे आंधळे कोपरे. पायलटच्या स्टीलच्या भांड्यासारखं निर्जंतुक इथे काहीच राहत नाही. १ ग्रॅम साखरेचं लॅक्टिक झालं की अर्धा ग्रॅम इथेनॉल गेलं. दर चार तासांनी एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लॅक्टिक बघायचं आणि टाकीतला आकडा चढायला लागला की मूळ शोधायचं. बहुतेक वेळा ते हीट एक्स्चेंजरच्या किंवा व्हॉल्व्हच्या मागे साचलेल्या लगद्यात सापडतं.

दुसरं, ढवळणं. २० टक्के घन पदार्थाचा लगदा सुरुवातीला द्रव नसतोच. ओल्या मातीच्या गोळ्यासारखा असतो, मुठीत दाबला तर पाणी सुटत नाही. पहिल्या आठ-बारा तासांत एन्झाइम तंतू तोडतात आणि मग तो पातळ होतो. तुमच्या कारखान्यात रोज १,६६५ टन लगदा, तीन दिवसांचा मुक्काम, म्हणजे ५,००० घनमीटर. पायलटमध्ये घनमीटरला १ किलोवॉट सहज वापरतात. तोच दर इथे लावला तर ५ मेगावॉट नुसतं ढवळायला. दिवसाच्या १ लाख लिटर इथेनॉलची उष्णता सरासरी साडेचोवीस मेगावॉट भरते. पाचवा हिस्सा ढवळण्यात घालवणं परवडणारं नाही. म्हणून पहिले दहा-बारा तास छोट्या, जोरदार ढवळणीच्या टाकीत, लगदा हप्त्याहप्त्याने घालत पातळ करायचा आणि मग मोठ्या टाकीत अगदी हळू ढवळायचं. आराखड्यात अशी दोन टप्प्यांची सोय नसेल तर ८४ टक्के विसरा.

ऑपरेटर अडला की पाणी घालतो, हे लक्षात ठेवा. २० टक्क्यांना इथेनॉल वजनाने ४.७ टक्के येतं. १५ टक्के घन केलं की ३.५. चार टक्क्यांच्या खाली डिस्टिलेशनची वाफ झपाट्याने वाढते.

आणि एन्झाइम: टनाला ७.६ किलो प्रथिन, म्हणजे रोज अडीच टन. लिटरमागे २५ ग्रॅम. स्टार्चच्या इथेनॉलला याच्या कितीतरी पट कमी लागतं. विकत घेतलेल्या द्रावणात बरंचसं पाणीच असतं, ते थंड ठेवावं लागतं आणि लांबून आणावं लागतं. जागेवर बनवायचं ठरवलं तर एका कारखान्यात दुसरा कारखाना उभा राहतो, आणि त्याचा संसर्गाचा धोका वेगळा.


बॉयलरखाली:

एक छोटी भर. अशा आराखड्यांत "उरलेलं लिग्निन जाळून वाफ आणि वीज फुकट" असं एक वाक्य असतं. फिल्टरमधून निघणारा लिग्निनचा (काडाच्या न आंबणाऱ्या लाकडी भागाचा) चोथा ५५-६० टक्के ओला असतो. तो तसाच जाळला तर उष्णतेचा पाचवा-सहावा हिस्सा पाणी उडवण्यातच जातो. काडातलं पोटॅशियम आणि क्लोरीन राखेचा वितळबिंदू खाली आणतात. सुपरहीटरच्या नळ्यांवर काचेसारखा थर बसतो आणि त्याखाली नळी खात जाते. वाफेचं तापमान मुद्दाम कमी ठेवावं लागतं, म्हणजे वीज कमी.

आम्ल निष्क्रिय करायला चुना वापरला तर जिप्सम तयार होतं. ते तापलं की कमी विरघळतं, म्हणून नेमकं बाष्पकाच्या (पाणी आटवणाऱ्या यंत्राच्या) आणि डिस्टिलेशन कॉलमच्या तापलेल्या पृष्ठभागावर बसतं. अमोनिया वापरला तर थर बसत नाही, पण सांडपाण्यात अमोनियम सल्फेट जातं, आणि अ‍ॅनेरोबिक (हवेविना जिवाणूंवर चालणाऱ्या) टाकीत सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो. यातलं कोणतं दुखणं पत्करायचं हे आराखड्याच्या वेळीच ठरवा. कमिशनिंगच्या वेळी बदलता येत नाही.


प्रक्रियामित्र:

अतिशय उपयोगी. पायलटच्या नोंदी पुन्हा उघडून पाहिल्या: पाणी ताजं आहे, काड हाताने निवडलेलं आहे, आणि फीडर नाहीच, रिअॅक्टर एकेक घाणा भरून चालतो. म्हणजे वर सांगितलेल्या तीनही गोष्टी तपासलेल्याच नाहीत.

एक उपप्रश्न. घन पदार्थांचाच एवढा जाच असेल तर तेलापासूनचं इंधन, बायोडिझेल किंवा हायड्रोजन घालून केलेलं डिझेल, हा सोपा मार्ग आहे का? कच्चा माल पंपाने ढकलता येतो.


तेलघाणा:

यंत्रांच्या दृष्टीने सोपा, हो. म्हणूनच तो व्यवसाय म्हणून उभा राहिला: नेस्ते या फिनिश कंपनीचे सिंगापूर (२०१०) आणि रॉटरडॅम (२०११) इथले कारखाने आजही चालू आहेत. पण तिथे अडचण जागा बदलते. मालाच्या आकारमानाऐवजी तो मुळात किती आहे आणि किती घाण आहे, यावर सगळं येऊन थांबतं.

बायोडिझेल घ्या. १,००० किलो तेल, १ ला ६ मोलच्या प्रमाणात म्हणजे साधारण २१७ किलो मिथेनॉल (यातलं निम्मंच लागतं, उरलेलं परत मिळवायचं), ५ ते १० किलो कॉस्टिक सोडा, ६० अंश, तासभर. मिथेनॉल ६४.७ ला उकळतं म्हणून त्याच्या खाली. ग्लिसरीन खाली बसतं, साधारण १०० किलो. शुद्ध तेलावर हे शाळेच्या प्रयोगशाळेतही जमतं. आता वापरलेलं तेल आणा, मुक्त मेदाम्लं ५ टक्के. एक टक्का मेदाम्ल १,००० किलोमागे १.४ किलो कॉस्टिक खातं. पाच टक्के ७ किलो. म्हणजे उत्प्रेरक म्हणून घातलेला जवळजवळ सगळा कॉस्टिक साबण करण्यातच संपला. तो साबण ग्लिसरीन आणि बायोडिझेल यांना एकत्र धरून ठेवतो. टाकीत मध्ये एक पांढरट थर लोंबकळत राहतो आणि रात्रभर थांबलं तरी बसत नाही. उपाय आहे: आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलने मेदाम्लं एक टक्क्याखाली आणायची, पाणी काढायचं, मग कॉस्टिक. पण हा दुसरा कारखानाच झाला, आणि तो आम्लाला टिकणाऱ्या धातूचा.

मानकं तर मुळीच ढिलाई देत नाहीत. युरोपच्या ईएन १४२१४ मध्ये पाणी ५०० मिलिग्रॅम प्रतिकिलो, फॉस्फरस ४, सोडियम-पोटॅशियम मिळून ५, मुक्त ग्लिसरीन ०.०२ टक्के, ऑक्सिडेशन स्थैर्य किमान ८ तास. एखादा टँकर यातल्या एका आकड्यात जरी बसला नाही तरी माल परत.

हायड्रोजन घालून केलेल्या डिझेलला साबणाची भीती नाही, पण उत्प्रेरकाला फॉस्फरस आणि धातू चालत नाहीत. ते वरच्या थरात जमून रिअॅक्टरचा दाबफरक वाढवतात. म्हणून डिगमिंग (तेलातले डिंकासारखे पदार्थ काढणं), ब्लीचिंग माती, गाळणी हा सगळा ताफा आधी. क्लोराइड निसटलं तर पुढच्या कूलरमध्ये अमोनियम क्लोराइडचे खडे बसतात आणि नळी सडते. तेलाच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के हायड्रोजन लागतो: दिवसाला १,००० टन तेलाला ३०-४० टन. तो बहुधा नैसर्गिक वायूतूनच येतो, आणि कार्बनच्या हिशेबात हे लपवता येत नाही. शिवाय पहिल्या टप्प्यातून निघतात ते सरळ साखळीचे १७-१८ कार्बनचे पॅराफिन, जे २२ ते २८ अंशांनाच गोठतात. आयसोमरायझेशनचा (सरळ साखळीला फांद्या पाडण्याचा) दुसरा टप्पा नसेल तर थंडीत ते इंधन फिल्टरमधून जाणार नाही.

खरी मर्यादा तेलाचीच. वापरलेलं तेल आणि चरबी जगात ठरावीकच निघते. मागणी वाढली म्हणून जास्त तळण होत नाही. २००७-०८ च्या सुमारास जट्रोफाकडे लोक याच आशेने धावले. पडीक जमिनीवर झाड जगतं हे खरं, पण कमी पाण्यात जगणं आणि भरपूर बी देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फळंही एकदम पिकत नाहीत, हाताने पुन्हापुन्हा वेचावी लागतात. शेवाळाचं गणित त्याहून अवघड: उघड्या तळ्यात लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे एक किलो शेवाळासाठी एक ते दोन टन पाणी हलवायचं, गाळायचं, आणि मग सुकवायचं. एक्सॉनमोबिलसारखी कंपनी २००९ पासून त्यात होती, २०२३ पर्यंत बाहेर पडली.


ताळेबंद:

पैशांच्या बाजूने. अमेरिकेच्या २००७ च्या कायद्यात सेल्युलोजच्या इंधनाचं उद्दिष्ट २०१० साठी १० कोटी गॅलन आणि २०२२ साठी १,६०० कोटी गॅलन होतं. २०१० चं उद्दिष्ट पर्यावरण संस्थेला (ईपीए) ६५ लाख गॅलनवर आणावं लागलं. मागणी कायद्याने निर्माण करता येते. चालू तास कायद्याने येत नाहीत.

मोठ्या कारखान्यांचा क्रम असा: क्रेशेंतिनो, इटली, २०१३ ते २०१७. ह्यूगटन, कॅन्सस, ऑक्टोबर २०१४ ते डिसेंबर २०१५. एमेट्सबर्ग, आयोवा, २०१४ मध्ये सुरू, २०१९ च्या शेवटी व्यावसायिक उत्पादन थांबवलं. नेवाडा (आयोवातलं गाव), ऑक्टोबर २०१५ ला उद्घाटन, नोव्हेंबर २०१७ ला विक्रीची घोषणा. पोदारी, रुमानिया, २०२२ मध्ये उत्पादन सुरू, डिसेंबर २०२३ मध्ये बंद करण्याचा निर्णय.

रँड संस्थेचा १९८१ चा एक अभ्यास पायोनियर (नव्या तंत्राच्या पहिल्यावहिल्या) कारखान्यांवर आहे. नवं तंत्र, त्यात घन कच्चा माल, अशा कारखान्यांचा खर्च फुगतो आणि ते ठरलेल्या क्षमतेला पोचत नाहीत, हे तेव्हाच मांडलेलं होतं. तरीही प्रत्येक नव्या आराखड्यात दुसऱ्या वर्षी ९० टक्के लिहिले जातात, याचं खरंच वाईट वाटतं. तुमच्या प्रकल्पात ९० चे ७३ आणि ३०० चे २६० झाले तर उत्पादन ठरल्याच्या ७० टक्के. कर्जाचा हप्ता, पगार, देखभाल तेवढीच. व्याज भरल्यावर फीडर बदलायला पैसे उरत नाहीत, आणि तो बदलल्याशिवाय तास वाढत नाहीत. कारखाना बंद पडतो तो या फेऱ्यात.

करारही नीट वाचा. इथेनॉल विक्रीचा करार बहुधा पेट्रोलच्या भावाशी बांधलेला, काड खरेदीचा डिझेलच्या आणि मजुरीच्या भावाशी. एक खाली आणि दुसरा वर गेला तर मधलं अंतर कोण सोसणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं.


किण्वन:

ताळेबंद, यादी बरोबर आहे, पण सगळ्यांना तांत्रिक अपयशाच्या एकाच रांगेत बसवू नका. ह्यूगटनची मूळ कंपनी २०१५ मध्ये स्वतःच कर्जात बुडाली होती. क्रेशेंतिनोचा मालक समूह २०१७ ला आर्थिक अडचणीत आला. कारखाना पुढच्या वर्षी वेर्सालिस या इटालियन रसायन कंपनीने घेतला. नेवाडाचा निर्णय दोन बड्या कंपन्यांच्या विलीनीकरणानंतरचा.

त्या नेवाडाचं पुढे काय झालं तेही उपयोगाचं आहे. फेर्बिओ या जर्मन कंपनीने तो २०१८ मध्ये घेतला आणि मक्याच्या धाटांपासून बायोमिथेनकडे वळवला. गासड्या तशाच येतात, पण तिथे विकत घेतलेलं एन्झाइम नाही, निर्जंतुकतेचा आग्रह नाही, अ‍ॅसेटिक हे विष नसून खाद्य आहे. बदल्यात टाक्या मोठ्या आणि मुक्काम कित्येक आठवड्यांचा, आणि लिग्निन तसंच बाहेर पडतं.

ब्राझीलमध्ये पिरासिकाबाला साखर कारखान्याला जोडून जे केलं तोही धडाच. तिथे उसाची चिपाडं आधीच गाळपाला आलेली असतात. गोळा करण्याचा, वाहतुकीचा खर्च साखरेने उचललेला असतो, वाफ आणि डिस्टिलेशन शेजारी तयार. प्रक्रियामित्र, तुमचा प्रकल्प उघड्या माळावर एकटा उभा राहणार असेल तर आधी जागा बदलता येते का बघा.


प्रक्रियामित्र:

जागेचा मुद्दा अहवालात घेतो. आता चाचणी नेमकी किती तासांची आणि कशी मागू? अर्जदार २०० तासांची द्यायला तयार आहेत.


गासडी:

२०० तास म्हणजे सव्वाआठ दिवस. एन्झाइम ३ दिवस, किण्वन २, डिस्टिलेशन आणि बाष्पक धरून पाण्याचा एक फेरा सहा दिवसांचा. ६० टक्के पाणी परत वापरलं तर साचणाऱ्या घटकांची पातळी ९५ टक्के स्थिरावायला सहा फेरे लागतात. म्हणजे ३६ दिवस. २०० तासांत तुम्ही फक्त दीड फेरा पाहाल आणि यीस्ट अगदी छान दिसेल. १,००० तास सलग मागा, पहिल्या दिवसापासून परतीच्या पाण्यासह. शेवटच्या पाच दिवसांचा उतारा तो खरा.

काड तीन प्रकारचं लागेल: स्वच्छ, १२ ते १५ टक्के राखेचं, आणि सहा महिने गंजीत राहिलेलं, २५ टक्के ओलं. तिन्ही आळीपाळीने, आधी न सांगता. प्रत्येक लॉटचं आम्ल खाण्याचं प्रमाण आधी मोजा: १०० ग्रॅम काड पाण्यात कालवून पीएच २ पर्यंत किती आम्ल लागतं ते. याच आकड्यावर आम्लाचा पंप चालला पाहिजे. नुसत्या वजनावर चालवला तर प्रीट्रीटमेंट कधी कच्ची, कधी जळकी.

फीडर मात्र १ टनाच्या पायलटवर तपासताच येत नाही. ताशी ४० किलोच्या स्क्रूत नळीच्या भिंतीचं घर्षण आणि बोळ्याचा आकार यांचं नातंच वेगळं असतं. पुरवठादाराच्या जागेवर, कारखान्यात बसणाऱ्या आकाराच्या फीडरवर वेगळी चाचणी घ्या. दोन लाइन धरल्या तर एकीला दिवसाला १६६ टन. ३०० तास चालवायला दोन हजार टनांहून जास्त काड, म्हणजे पाच हजारांवर गासड्या लागतील. पुरवठादार कुरकुर करेल. पण तेवढ्या गासड्या एका चाचणीसाठीही जमवता येत नसतील, तर रोज ९०० कुठून येणार?


किण्वन:

पूर्ण सहमत. एकच भर: चाचणीत लॅक्टिक, अ‍ॅसेटिक आणि उरलेलं झायलोज दर चार तासांनी मोजून कच्च्या नोंदी मागा, सरासरी नको. झायलोज पहिल्या आठवड्यात ३ ग्रॅम उरत असेल आणि पाचव्यात १२, तर तिथेच तुमचं २६० आलं. अँटिबायोटिक टाकून आकडा सावरला का, तेही नोंदीत दिसलं पाहिजे.


गासडी:

आणि थांब्यांची वही. दहा मिनिटांहून मोठा प्रत्येक थांबा, वेळ, यंत्र आणि कारण यांसह. "नियोजित देखभाल" म्हणून कुठलाही थांबा तासांतून वजा करू देऊ नका. गुंडाळलेली दोरी काढायला थांबलात तरी तो थांबाच. चाचणीच्या आधी स्क्रूच्या शेवटच्या तीन पात्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजा, ३०० तासांनी पुन्हा मोजा. झीज भागिले तास, आणि पुरवठादार पातं किती झिजेपर्यंत चालवायला सांगतो ती मर्यादा. यातून पातं बदलायचं अंतर निघेल. ते ६०० तास आलं आणि आराखड्यात ४,००० धरलेलं असलं, तर वर्षाच्या तेरा बंद्या कुठल्या महिन्यात धरल्यात ते अर्जदारांना विचारा.